यजमान नावाची बाटली

सोमवार, ४ मार्च

रजा संपली. प्रयोगशाळेत पोचले तर सगळे एकदम कामात! कुणी मान वर करेना.

आमचा प्रश्न तसा साधा. औषध रक्तात गेलं की तिथल्या प्रथिनाला चिकटून बसतं. मोकळं राहतं तेवढंच कामाला येतं. त्यात पेल्याच्या आकाराचा एक रेणू सोडला, तर तो औषधाला पोटात घेऊन प्रथिनापासून सोडवेल का? त्या रेणूला आम्ही पहिल्यापासून ‘यजमान’ म्हणतो. त्यावर ह्यांची कोटी ठरलेली — "तुमच्याकडचे यजमान तरी बायकोचं ऐकतात का गं?"

आज तो शब्द कुणीच उच्चारला नाही. सर "तो आपला... हा" एवढंच म्हणाले.

बुधवार, ६ मार्च

औषध घातलं की प्रथिनाची चमक मंदावते. यजमान घातला की ती परत यायला हवी. रजेआधी आली होती — मी स्वतः पाहिली होती. आज नाही आली.

संध्याकाळी दारात मीटर बदलणारा. "यजमान आहेत का? सही हवी होती."

"बाहेर गेलेत," म्हणाले मी. तो म्हणाला, परत येतो. असं का बोलले?

सोमवार, ११ मार्च

पुन्हा तेच. सर हळूच म्हणाले, "हे काम आता गुंडाळूया का? तुम्हालाही जरा विसावा."

नको मला विसावा! एवढा आठवडा मागून घेतला.

बुधवार, १३ मार्च

दोन आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. एक यजमान घातल्याचा, एक तुलनेसाठी नुसतं पाणी घातल्याचा. केसाइतकाही फरक नाही! कुचकामी पदार्थसुद्धा थोडीफार खूण सोडतो. इतकं पाण्यासारखं फक्त पाणीच असतं.

बाटल्या भरणाऱ्या ताई रोज नळ्यांत काढून देतात तेच मी वापरते; आज स्वतः उठून फळीपाशी गेले. आमच्या बाटल्यांवर एकेकच अक्षर असतं. ‘य’ दिसेना. ‘प’ मात्र दोन!

ताईंना विचारलं. चेहराच पडला त्यांचा.

"अगं, रोज तुझ्या डोळ्यांसमोर तो ‘य’ नको, म्हणून... पेल्याचा ‘प’ लिहिला. पाण्याचाही ‘प’च, हे मेलं लक्षातच आलं नाही!" रडायलाच लागल्या.

म्हणजे इतके दिवस मी यजमान समजून पाणी घालत होते. मला हसूच फुटलं. ह्यांना सांगायला हवं होतं हे!

दोन्ही बाटल्या ओतून टाकल्या. नवं द्रावण स्वतः केलं. ठसठशीत ‘य’ लिहिला.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "यजमान कुठे आहेत?"

 कोपऱ्यातून ताई — "हे काय, माझ्यापाशी!" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. आधी मी हसले. मग सगळेच.

थेंब थेंब सोडत गेले. चमक आली. वाढत गेली! सरांनी आकडे पुन्हा एकदा तपासले. "गुंडाळायचं राहू द्या," म्हणाले. उद्या शरीराच्या तापमानाला करून बघायचं.

शनिवार, १६ मार्च

मीटरवाला आला. "यजमान आहेत का?"

"नाहीत. वारले ते. सही मी करते."