वर कोणी राहत नव्हतं

प्रिय ताई,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. तसं लिहिलं की मला पुढचं सुचतं.

१. माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाची सुनावणी पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला आहे.

२. वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत मी या देशात आले आणि तेव्हापासून सलग इथेच राहिले, एवढं मला सिद्ध करायचं आहे. एक वर्ष सोडलं तर सगळ्या वर्षांचे कागद आहेत. जे नाही ते पोहण्याच्या तलावावरच्या खोलीतलं वर्ष. तेव्हा मी नऊची होते.

३. अर्जात मी पत्ता खरा तोच लिहिला. माहिती देऊ शकणारी व्यक्ती म्हणून काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, नाव दिलं. तलावाची देखभाल तेव्हा त्यांच्याकडे होती आणि खोली त्यांनीच दिली होती.

४. चौकशी अधिकारी काकांच्या घरी जाऊन आला. काकांनी त्याला सांगितलं की वर कोणी राहत नव्हतं, कधीच नाही. जबाबाखाली सही केली.

५. परवा मी काकांना भेटून आले. तब्येत उत्तम आहे. ते फार खुशीत आहेत.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि त्यालाही नंबर घातलेले. तू हसली असशील. टाचणी ती टाचणीच, असं म्हणालीही असशील. काकांनी ठेवलेलं ते नाव मला अजून शोभतं. मी आता एका प्रयोगशाळेत मोजण्याची उपकरणं तपासते. थर्मामीटर, दाब दाखवणारे काटे, वजनं. उपकरण खरं बोलतं की खोटं, आणि खोटं बोलत असेल तर कितीने, एवढं बघायचं आणि लिहून द्यायचं. दिवसभर कोणाशी फारसं बोलावं लागत नाही. तू मात्र तिकडे लहान मुलांना शिकवतेस असं काकांकडून कळलं. त्यांच्या मते तुझा आवाज आता दोन गल्ल्या ओलांडून जातो आणि मुलं तुला अजिबात घाबरत नाहीत.

गेले काही महिने मी कागद गोळा करतेय. शाळेचे दाखले, लशींचं कार्ड, भाडेकरार, आईच्या पगाराच्या चिठ्ठ्या, वाचनालयाचं ओळखपत्र. माझा दात काढल्याची पावतीसुद्धा आईने जपून ठेवली होती. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण तिच्या पिशव्या उघडल्या की ती अजून मला ओरडते, नीट घडी घाल म्हणून. सुट्टीच्या दिवशी मी ते सगळे कागद जमिनीवर वर्षांप्रमाणे मांडते. खिडकीपासून दारापर्यंत मी हळूहळू मोठी होत जाते. खिडकीजवळ एका वर्षाची जागा रिकामी आहे, तिथे नुसती फरशी दिसते. दुपारचं ऊन तिथेच येतं. चहाचा कप घेऊन मी शेजारी बसते, आणि बसल्या बसल्या डोळा लागतो. अर्धवट झोपेत ती फरशी हलायला लागते. खाली पाणी असल्यासारखी.

तुला ती खोली कशी आठवते? तू दारातून आत यायचीस, त्यामुळे तुला भिंती आठवत असतील. मला छत आठवतं. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. एक लहान झरोका होता तो आत, तलावाच्या बाजूला. तलावाच्या छपरातल्या काचांतून ऊन पाण्यावर पडायचं आणि तिथून उसळून आमच्या छतावर यायचं. सकाळी तलाव उघडायच्या आधी पाणी इतकं निवांत असायचं की छतावर नुसता एक फिकट चौकोन दिसायचा. पहिला माणूस पाण्यात उतरला की तो चौकोन थरथरायचा, मग फुटायचा, आणि त्यानंतर आमचं छत दिवसभर वाहत राहायचं. खाली गर्दी आहे की एकच म्हातारा सावकाश हात मारतोय, हे मी पडल्या पडल्या सांगू शकायचे. बोलणं वर यायचं, पण शब्द गळून गेलेलं, गोल झालेलं. भिंतीतून बॉयलरचे पाइप जायचे म्हणून एक भिंत कायम कोमट असायची. मी तिला पाठ लावून झोपायचे. कोणीतरी मोठं माणूस कुशीवर वळून झोपलंय असं वाटायचं. आई टॉवेल धुऊन वर यायची तेव्हा तिची बोटं सुरकुतलेली असायची, कपड्यांना क्लोरीनचा आणि गरम कापडाचा वास असायचा. आणि मला मनातून अगदी खात्री होती की खालची माणसं पाण्यात नाहीत, आपणच आहोत. ते सगळे वर उजेडात पोहताहेत आणि मी आणि आई तळाशी राहतो.

तळाशी राहायचे नियम तू केले होतेस. चौदा वर्षांची होतीस, पण हेडमास्तरीणच. फळ्या करकरतात तिथे पाय ठेवायचा नाही, भिंतीकडेने चालायचं. खोकला आला तर पंप सुरू होईपर्यंत दाबून ठेवायचा. ओले कपडे झरोक्यासमोर वाळत घालायचे नाहीत. दारावर टकटक झाली तर आपण नाही. तू मुद्दाम परीक्षा घ्यायचीस. जाडा आवाज काढून विचारायचीस, आत कोण आहे? पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, कोणी नाही. तू दार ढकलून आत आलीस आणि म्हणालीस, मग उत्तर कोण देतंय गं, गाढवे? हसून हसून तुला उचकी लागली, आणि तुझी उचकी खाली ऐकू जाईल म्हणून मी तुझ्या तोंडावर उशी दाबली. त्यानंतर मी कधी उत्तर दिलं नाही. तू कितीही वेळा टकटक केलीस, लाडीगोडी लावलीस, तरी नाही.

हा खेळ कशासाठी आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं. तुला कळत होतं, असं आता वाटतं. आईचा परवाना ती ज्या घरी कामाला होती त्या घराला बांधलेला होता, आणि तिथल्या बाईंनी एका सकाळी आम्हाला सामानासकट जिन्यात उभं केलं होतं. काकांनी आईला टॉवेल धुण्याचं काम दिलं आणि वरची खोली दिली. खोली देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कोणाला कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती आणि आम्हाला देशाबाहेर काढलं असतं. शाळा पत्ता मागायची म्हणून त्या वर्षी शाळा नाही. भागाकार तू शिकवलास. अजूनही मोठा भागाकार करताना मी तुझ्यासारखी जीभ बाहेर काढते, माझ्या हाताखालची मुलगी मला त्यावरून चिडवते.

आता त्या गोष्टीचा कोणाला त्रास व्हायचा नाही, याची माझ्या वकीलबाईंनी आधीच खात्री करून घेतली होती. मी मूल होते, आई राहिली नाही, काका निवृत्त झाले. फक्त सिद्ध करायचं की मी होते. आणि तिथेच अडलंय. आपण तो खेळ फार चांगला खेळलो, ताई. चिठ्ठी नाही, फोटो नाही, दारावर नाव नाही. वर्षभर जीव तोडून पुसत होतो ते आता मी शोधत फिरतेय.

मी त्या इमारतीतही जाऊन आले. तलाव आता बंद झालाय. तिथे गाद्यांचं दुकान आहे. तलाव बुजवलेला नाही, तसाच आहे, कोरडा. पायऱ्या उतरून आत जायचं आणि निळ्या फरशांवर ओळीने गाद्या मांडलेल्या. उथळ बाजूला लहान मुलांच्या, खोल बाजूला दुहेरी. मी खोल बाजूपर्यंत गेले. त्या तलावात मी तेव्हा कधी उतरले नव्हते. एका गादीवर आडवी झाले आणि वर बघितलं. झरोका होता. आतून पुठ्ठा लावलाय. वरच्या काचांतून ऊन येत होतं आणि कुठेच हलत नव्हतं. विक्रेता येऊन डोक्याशी उभा राहिला, मऊ हवी की कडक? मी म्हटलं, नुसती बघतेय. तो म्हणाला, बघा बघा, डोळे मिटून बघा, सगळे तसंच बघतात. मी खरंच मिटले. किती वेळ गेला माहीत नाही. उठले तेव्हा त्याने माझे बूट सरळ करून ठेवले होते.

आता काकांचं. अधिकारी यायच्या आधी मी त्यांना फोन केला होता. काका, ऑफिसातून माणूस येईल, त्या वर्षाबद्दल विचारेल. ते म्हणाले, येऊ दे की, बघतो मी त्याच्याकडे, तू निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिले. मग जबाबाची प्रत हातात आली.

परवा गेले तर दार उघडल्या उघडल्या त्यांनी डोक्यात टपली मारली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढले. तो अधिकारी कसा आला, कसा खुर्चीच्या टोकावर बसला, सगळं करून दाखवलं. म्हणाले, तीनतीनदा फिरवून विचारलं बेट्याने, पण मीही बारा गावचं पाणी प्यालेला. म्हटलं, साहेब, वर उंदीर राहायचे, माणसं नाही. तुझ्या आईला शब्द दिला होता, माझ्या तोंडून निघणार नाही म्हणून. आज असती तर शाबास म्हणाली असती की नाही? त्यांचा चेहरा असा उजळलेला होता, ताई, की मी कप दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, बरं केलंत काका. कामावर मी काट्याची केसभर चूक सोडत नाही.

नंतर तासभर ते त्या वर्षाबद्दलच बोलत होते. दार लावून, हळू आवाजात, अजूनही कोणी ऐकेल अशा बेताने. मला गालगुंड झालं होतं हे मी विसरले होते. ते विसरले नाहीत. तू दाराबाहेर बसून मला गोष्टी सांगायचीस आणि तुलाही गालगुंड झालं, तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटलीस की तुझा गाल मधमाशी चावून सुजलाय, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांना सगळं आठवतं. हे मी मुद्दाम लिहितेय.

कारण वकीलबाईंनी वेगळाच रस्ता काढलाय. सुनावणीत ते वर्ष भरलं नाही तर असं धरलं जाईल की मी मधे परत गेले आणि दहाची झाल्यावर पुन्हा आले. मग अर्ज नामंजूर. माझा राहण्याचा परवाना वर्षअखेर संपतो, आणि मला त्या देशात जावं लागेल जिथला मला फक्त एक जिना आठवतो, तोही उतरतानाचा. म्हणून वकीलबाई म्हणतात, काकांचा जबाब बाजूला काढायचा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यायचं की वयामुळे त्यांची स्मरणशक्ती भरवशाची राहिली नाही. त्यावर जवळच्या नातेवाइकाची, म्हणजे तुझी, सही लागते. मग त्या वर्षाच्या आधीच्या-नंतरच्या कागदांवर बहुतेक निभावेल. त्यांना कळणारही नाही, कोणाचं काही बिघडणार नाही, असं त्या कानामागे पेन्सिल खोचून फार शांतपणे म्हणाल्या. मी तो फॉर्म घरी आणला. रिकाम्या वर्षाच्या जागी ठेवून बघितला. आकाराने बरोबर बसत होता. मग उचलला.

या पाकिटात तो फॉर्म नाही. शोधू नकोस. काकांना विसर पडलाय असं माझ्यासाठी कुठेही लिहिलं जायला नको. मला तुझ्याकडून सही नको, तू हवी आहेस. त्या खोलीत मला पाहिलेली दोनच माणसं आता जिवंत आहेत, आणि त्यातल्या एकाने नाही म्हणून लिहून दिलंय. तू साक्षीला येऊन मी तिथे होते असं सांगितलंस, तर काकांचा जबाब खोटा ठरेल. फार तर त्यांना लेखी समज मिळेल. पण त्यांना कळेल. ज्याचा त्यांना इतका अभिमान आहे तेच माझ्या आड आलं, हे कळेल. ते कोणा परक्याकडून कळण्याआधी तू त्यांच्याशेजारी बसून सांगावंस, असं मला वाटतं. मी तासभर बसून होते, मला जमलं नाही. हे मी मागतेय ते लहान नाही, हे मला ठाऊक आहे. तू नाही म्हणालीस तरी मी तो फॉर्म वापरणार नाही, तसं वकीलबाईंना कालच लेखी कळवलंय. तेव्हा माझं काय होईल याचा हिशेब करू नकोस. तुझ्या बाबांना हे सांगणं तुला झेपेल का, एवढंच बघ. साक्षीदारांची नावं सहा तारखेला सकाळी द्यायची आहेत. गुरुवारपर्यंत, पाच तारखेपर्यंत, हो किंवा नाही एवढं कळव.

तुझीच,
टाचणी