झेंडूची माळ आणि सोनेरी छत

मी, डॉ. लीलावती शशिधर खांबेटे, वय शहात्तर, राहणार मँचेस्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे माझे सॉलिसिटर विनय म्हणतात. हे इंग्रजीत करा, असेही ते म्हणाले. पण मुलांना रागवायचे तर मला मराठीच लागते. भाषांतर त्यांनी करून घ्यावे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी विनय यांनीच करावी.

१. राहते घर विकून येईल ती रक्कम आणि बँकेतल्या ठेवी माझे दोन मुलगे, थोरला सुयश आणि धाकटा क्षितिज, यांना निम्म्या-निम्म्या द्याव्यात. यात भांडण्यासारखे काही नाही. भांडण्यासारखे पुढे आहे.

२. माझी खरी इस्टेट म्हणजे 'खांबेटे रेसिंग' हा स्टॉक कार शर्यतींचा संघ, गाड्या ठेवायच्या ओल्डहॅमच्या यार्डासकट. कोर्टातल्या कोणाला हे वाचावे लागले तर कळावे म्हणून लिहिते. लहानशा गोल ट्रॅकवर जाड लोखंडी बंपरच्या गाड्या पळतात. पुढच्याला बंपरने बाजूला सारणे हा तिथे गुन्हा नाही, तोच खेळ आहे. गाडीच्या छताचा रंग ड्रायव्हरच्या कामगिरीवरून ठरतो: नवख्याचे पांढरे, मग पिवळे, निळे, लाल आणि अजिंक्यवीराचे सोनेरी. शर्यत सुटताना पांढऱ्या छताचे सर्वांत पुढे उभे राहतात आणि सोनेरी सर्वांत मागे. ज्याला जास्त येते त्याने मागून यावे, हा न्याय मला हॉस्पिटलात कधी दिसला नाही. म्हणून मी तिथे रमले.

मी गेले होते डॉक्टर म्हणून. कॅज्युअल्टीतल्या नोकरीशिवाय शनिवारी मैदानावर ड्यूटी घेतली होती. पहिल्याच दिवशी कमिटीतल्या एका गृहस्थाने माझ्या साडीकडे बघून सांगितले, "चहाचा तंबू तिकडे आहे, लव्ह." त्याच संध्याकाळी मी त्याचा निखळलेला खांदा बसवला. माझी ॲल्युमिनियमची मोठी किटली त्या कमिटीला द्यावी. त्यांना कारण विचारू द्यावे आणि सांगावे.

पुढच्या वर्षी मी नॉर्मन ॲस्पिनॉल या ड्रायव्हरकडून त्याची जुनी गाडी विकत घेतली. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडा गेलेला त्याला ठाऊक होता. "तुम्ही विचारलं कुठे, डॉक?" असे तो वर म्हणाला. त्या तडकलेल्या गाडीवर आमचा संघ उभा राहिला. हळूहळू पगारी ड्रायव्हर आला, दोन मेकॅनिक आले, गाड्या न्यायला स्वतःचा ट्रक आला, आणि स्कॉटलंडपासून नॉरफोकपर्यंत आमचे नाव झाले. नॉर्मनला आम्ही पुढची वीस वर्षे जमेल तिथे ट्रॅकभोवतीच्या कठड्यात घातले. त्यानेही आम्हाला घातले.

माझे यजमान पॅथॉलॉजिस्ट होते. शर्यतीचा आवाज त्यांना सोसत नसे. पण छते रंगवायचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नाही. रंग बदलायची वेळ आली की हे शीळ घालत ब्रश धुवायला बसत.

३. पुढे दोन्ही मुलगे संघाच्या गाड्या चालवू लागले. सन २००३ च्या मोसमातली शेवटची, अजिंक्यपद ठरवणारी शर्यत नेमकी दसऱ्याला आली. ह्यांनी यार्डात दोन्ही गाड्यांची पूजा केली, आमच्या बागेतल्या झेंडूच्या माळा पुढच्या जाळीवर बांधल्या आणि म्हणाले, "आज माळ काढू नका रे." आपल्याकडे दारातल्या गाडीला माळ घालतात, ती संध्याकाळपर्यंत डुलत राहते. शर्यतीत पळताना त्याच पाकळ्या जाळीत बसून मागचा, इंजिन थंड ठेवणारा रॅडिएटर गुदमरवतील, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही. क्षितिजने रांगेत उभे राहायच्या आधी माळ ओढून फेकली. सुयशने बाबांचा शब्द ठेवला.

शेवटच्या फेरीला सुयश पहिला होता. पाकळ्यांनी जाळी गच्च भरली होती, इंजिन तापले होते आणि शेवटच्या वळणावर गाडी एकदम मंदावली. मागून क्षितिज आला आणि त्याने धडक दिली. क्षितिजला सोनेरी छत मिळाले. सुयश कठड्यात गेला, खांद्याचे हाड मोडले. त्याच्या रॅडिएटरमधून जळक्या झेंडूचा वास येत होता, तो मला अजून येतो.

हॉस्पिटलात सुयश, दोघा भावांच्या त्या इंग्रजाळलेल्या मराठीत, म्हणाला, "आई, मी बाबांचा माळ ठेवला. त्याने स्वतःचा फेकून दिला. आणि मग मलाच फेन्समध्ये घातलं. ऑनेस्टली, ऐकण्यात काय पॉइंट आहे?"

क्षितिज दाराशी उभा होता. "लास्ट बेंड होता, आई. तू असती तर ब्रेक मारला असता का?"

हे मध्ये पडले. "माळ मी बांधली. रागवायचं तर माझ्यावर रागवा." बाबांवर रागावणे दोघांनाही जमेना, म्हणून ते एकमेकांवर रागावले. तेव्हापासून बोलणे बंद. ह्यांनी ते सोनेरी छत रंगवले, पण शीळ न घालता. ती गाडी क्षितिजने पुन्हा चालवली नाही, ती यार्डात झाकून ठेवली आहे. सुयश ब्रॅकनेलला ऑफिसात बसतो आणि शनिवारी मुद्दाम बागकाम करतो. हे गेले तेव्हा दोघे अंत्यविधीला दोन वेगवेगळ्या दारांनी आत आले. मी गेल्यावर हे दोघे एकमेकांचे तोंडही बघणार नाहीत, याची मला भीती वाटते. मरणाची वाटत नाही.

माझा निवाडा असा: क्षितिज, तू नियमाने जिंकलास. मी असते तर मीही ब्रेक मारला नसता. सुयश, तू बापाचा शब्द राखलास म्हणून हरलास, आणि त्या दिवशी तुझ्याइतका मोठा मैदानात कोणी नव्हता.

४. म्हणून यार्ड आणि सर्व गाड्या, झाकलेलीसुद्धा, सुयशला देते. संघाचे नाव आणि गाडीचा क्रमांक क्षितिजला देते. एकाशिवाय दुसऱ्याला चाकही हलवता येणार नाही. चालवायचे असो वा विकायचे, दोघांनी यार्डातल्या ऑफिसात समोरासमोर बसून सह्या कराव्यात. वर्षभरात ते झाले नाही तर सगळे मैदानाच्या ॲम्ब्युलन्स फंडाला जावे. विनय म्हणाले, "मावशी, धिस इज आस्किंग फॉर ट्रबल." मी म्हटले, हो.

५. वेल्डिंगचे यंत्र, जॅक आणि पान्यांच्या पेट्या आमचा हेड मेकॅनिक डेरेक याला. त्याने कधी उपास केला नाही, पण एकादशीची साबुदाण्याची खिचडी कधी चुकवली नाही.

६. नॉर्मन ॲस्पिनॉलला काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याला या देशात साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा होता. चेसिसचा हिशेब इथे मिटला.

७. माझे दहन मँचेस्टरला करावे. झेंडू आणू नये. अंत्ययात्रेतल्या गाड्यांचा क्रम मैदानाच्या रिवाजाने लावावा. मी आयुष्यात एकही शर्यत चालवली नाही, म्हणजे माझे छत पांढरे, तेव्हा मी सर्वांत पुढे. माझ्यामागे सुयश. सर्वांत शेवटी सोनेरी छताचा क्षितिज, म्हणजे थोरला भाऊ सगळा वेळ त्याच्या नजरेसमोर राहील. सुयशची ती रोजची जुनी गाडी थंडीत हमखास बंद पडते. पडलीच, तर क्षितिज, त्याला वळसा घालून पुढे जायचे नाही. मागून टेकव आणि हलकेच ढकल. बंपर त्यासाठीही असतो.

सही: लीलावती शशिधर खांबेटे

आम्हा दोघांच्या देखत डॉक्टरांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:
नॉर्मन ॲस्पिनॉल, निवृत्त ड्रायव्हर
सुनीती रवी पटवर्धन, शेजारीण

स्थळ: खांबेटे रेसिंगचे यार्ड, ओल्डहॅम
दिनांक: २ फेब्रुवारी २००८, शनिवार