सिरीयलीच्या लग्नातल्या अक्षता

जळगाव जामोद
दि. १४ डिसेंबर २०२५

ति. गोपालदादा,

साष्टांग नमस्कार. देऊळगाव राजाला सगळे बरे असतील. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सातपुड्याकडून वारा येतो आणि मिरची तोडताना बोटं आखडतात. पण यंदा पीक बरं आहे.

फोन सोडून पत्र काय लिहिते, असं म्हणशील. फोन घेतला की शेजारी हे आणि ह्यांचा टीव्ही. मला माझंच बोलणं ऐकू येत नाही.

मागे मीच तुला रडून सांगितलं होतं, ये आणि हा डबा उचलून ने. येत्या रविवारी तू येणार आहेस. ये. पण टीव्ही नेऊ नकोस, आणि ह्यांना बोलूही नकोस.

तक्रार खोटी नव्हती हं. दिवे लागले की बसतात ते झोपेपर्यंत. मिरचीचा ढीग पुढ्यात आणि डोळे पडद्यावर. चांगल्या मिरच्यांत सडक्या जातात, मग व्यापारी मला ऐकवतो. सिरीयलीतल्या सासूला शिव्या, सुनेला सल्ले. मी ताप घेऊन निजले तरी ह्यांना खबर नसते, आणि तिला नुसती शिंक आली की लगेच, "पोरगी बिमार पडून राह्यली व!"

दिवाळीनंतर एकदा डोकं फिरलं आणि मी डिशची वायर उपटून लपवली. छत्री बिघडली, असं ह्यांना सांगितलं. हे उठले आणि चपला घातल्या. दादा, दिवेलागणीला चपला घातल्या की हे कुठे जायचे ते मी इतकी वर्षं पाहिलं आहे. पण हे फाटकापर्यंत गेले आणि तिथेच कवाड धरून उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगुणा, वायर लावून दे व. मले घरीच राहू दे."

मी मुकाट्यानं वायर लावली.

माळ घातली म्हणून दारू सुटली, असं तुम्ही सगळे म्हणता. माळ घातली हे खरंच. पण संध्याकाळ कशी काढायची ते कोणी सांगितलं नव्हतं. ती वेळ ह्या डब्यानं काढून दिली. मी त्याचे उपकार मानते, हस पाहिजे तर.

आता खरं सांगायचं ते सांगते. परवा त्या सिरीयलीतल्या धाकट्या पोरीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तसे हे उठले, डोक्यावर टोपी घातली, आतून मूठभर तांदूळ आणून त्याला कुंकू लावलं आणि दर 'सावधान'ला टीव्हीवर टाकू लागले. मला हसू आवरेना. म्हटलं, "येडे झाले का तुम्ही?" तर ह्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. म्हणाले, "आपल्या समीक्षाच्या लग्नात मी कुठी होतो व?"

कुठे पडले होते ते तुलाच माहीत. बाप असून नसल्यासारखा, म्हणून मामानं कन्यादान केलं. तू त्या मांडवात उभा राहिलास म्हणून माझी लेक सासरी मान वर करून नांदते आहे. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवसापासून तू ह्या घरचा उंबरा चढला नाहीस, त्याबद्दलही माझा राग नाही.

परवा मग मीही तांदूळ घेतले. दोघांनी मिळून लग्न लावलं.

तू येणार हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "दादा आले की टीव्ही मीच बंद करतो. त्यायच्यासंग बसतो. पण ते बसतीन का माह्यासंग?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू येऊन दे.

तुझी सुखात असलेली (हा शब्द विचार करून लिहिला आहे) धाकटी बहीण,
चांगुणा