सासूनं नाकारलेला लॉट

सर, तुमाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनं पंधरा दिवस बसून राहा म्हणून सांगितलंय, आणि मला बसून राहायची सवय नाही. टीव्ही बघून डोकं उठलं. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते तरी उरकून टाकावं. शुद्धलेखन तपासू नका. आठवीच्या पुढं मी गेले नाही, ते तुमाला माहीत आहे. सगळ्यांना सांगितलंत की तुमीच.

महाप्याच्या एमआयडीसीतली आपली ती कंपनी आता तिथं नाही. गावच्या जमिनी नव्या शहरात गेल्या, म्हणून घणसोलीच्या आमा बायकांना पॅकिंगला घेतलं होतं. न्हावा शेव्याला कंटेनर उतरायचा, त्यातनं सीडी रायटर, म्हणजे सीडीवर लिहिणारे ड्राइव्ह, यायचे, ते तुमच्या टेस्टिंगच्या खोलीत तपासले जायचे आणि मग आमच्याकडं. थर्माकोलात बसव, खोका बंद कर, पुढचा घे. एक दिवस मी एक ड्राइव्ह परत घेऊन तुमच्या खोलीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "सर, ह्याचा ट्रे आत जाताना कण्हतो." आतली पोरं हसली. तुमी हसला नाहीत. तुमी तो ड्राइव्ह उघडलात, आतला रबराचा पट्टा सैल होता. दुसऱ्या दिवशी मला निरोप, चपला बाहेर काढून टेस्टिंगला या. घरी मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, "कळला गो, एसीत बसतंस."

आता कॉम्प्युटरला सीडी घालायची खाचच नसते, त्यामुळं हे कुणाला सांगून उपयोग नाही, पण तुमी शिकवलेलं मला अजून सगळं येतं. आधी वाचायची परीक्षा. तुमी मुद्दाम बिघडवलेल्या सीड्यांचा एक डबा ठेवला होता, त्याला आमी दवाखाना म्हणायचो. एकीवर सुईचा ओरखडा, एकीवर काळ्या मार्करचा पट्टा, एकीवर खोबरेल तेलाची बोटं. एकीला एका बाजूला चिकटपट्टी, म्हणजे ती फिरताना लंगडते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "सर, ही सीडीच खराब आहे." तुमी म्हणालात, "खराबच आहे की. ड्राइव्ह किती सोसतो ते बघायचंय." मग कडेपर्यंत ठासून भरलेली सीडी. आतलं सगळे वाचतात, पार कडेचं कोण वाचतो ते बघायचं. त्याच्यानंतर लिहायची परीक्षा, तिथं खरं टेन्शन. लिहिताना कॉम्प्युटरकडनं येणारा डेटा जरा अडकला की ती सीडी फुकट गेली, पुसून परत लिहिता येत नाही. म्हणून लिहिणं चालू असताना माऊसला हात लावायचा नाही, दुसरा प्रोग्रॅम उघडायचा नाही, दार आपटायचं नाही. दार आपटल्यानं काय होतं ते मला कधी कळलं नाही, पण आपटायचं नाही.

आणि शेवटी सासू. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला लावलेला तो जुना पिवळा पडलेला ड्राइव्ह. त्याला काहीच पसंत पडायचं नाही. नव्या ड्राइव्हवर लिहिलेली सीडी आधी त्याच नव्या ड्राइव्हवर वाचायची, आणि मग सासूला दाखवायची. तुमी म्हणायचात, "स्वतःचं लिहिलेलं कुणालाही वाचता येतं. वाकडा लिहिणारा वाकडंच वाचतो. सासूनं वाचलं तर जगात कुठंपण वाचेल." एकदा साडेपाचची बस गाठायची म्हणून मी शेवटचे चार ड्राइव्ह सासूला न दाखवता पास केले. दुसऱ्या दिवशी तुमी सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात. "त्या माणसाची सीडी दुसरीकडं उघडली नाही, तर तो तुझ्या दारात येणार आहे का? सही तुझी आहे ना खाली?" पॅक झालेले खोके मला एकटीला फोडायला लावलेत. मी रडत रडत फोडले. पण राग नाही आला, खरं सांगते. मला वाटलं, माझ्या सहीला कुणीतरी किंमत देतंय. तोपर्यंत मी सही फक्त रेशनच्या दुकानात केली होती.

सहीचंच बोलायचंय. मी पूर्ण नाव मराठीत लिहायची, आडनावासकट, हळूहळू. संध्याकाळी घाईत ओळ खाली घसरायची, पोरं चिडवायची. तुमीच म्हणालात, सकाळी हात ताजा असतो, रजिस्टरच्या पुढच्या दोन-चार कोऱ्या पानांखाली तेव्हाच सही करून ठेव, पानं मग भरत राहतील. मी करत गेले. तुमी सांगितलं होतं ना.

मग तो लॉट आला. ड्राइव्ह दिसायला देखणे, दवाखान्यातल्या सगळ्या सीड्या त्यांनी धडाधड वाचल्या. लिहिलं पण चांगलं, स्वतःचं स्वतः वाचलं. सासूनं मात्र तोंड फिरवलं. एक, दोन, पाच. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पण बघितलं, तिथं पण नाही. निम्म्याच्या वर लॉट तसाच. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "लिहितो, स्वतः वाचतो, दुसऱ्यात चालत नाही." तुमी येऊन ते वाचलंत. मग म्हणालात, "सासू म्हातारी झाली. तिला आता विश्रांती दे." मला वाटलं मस्करी. मी म्हटलं, "सर, सासू म्हातारी झाली म्हणून सुनेचं वाकडं अक्षर सरळ होतं का?" तुमी हसलात की सर. हसलात, आणि रजिस्टर उचलून घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी लॉट पॅकिंगला गेला. मी विचारलं, तर म्हणालात, मी स्वतः परत तपासलेत. तुमी तपासलेत म्हटल्यावर मी कोण?

पावसाळ्याआधी तक्रारी आल्या. वाशीतल्या एका आर्किटेक्टनं सगळी ड्रॉइंगं सीडीवर उतरवून कॉम्प्युटरवरची पुसून टाकली होती. ड्राइव्ह बंद पडला, आणि त्या सीड्या दुसरीकडं कुठं उघडेनात. मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर खुर्चीत, तुमी खिडकीजवळ, टेबलावर रजिस्टर. माझं पान गेलेलं, त्या जागी दुसरं. सगळीकडं पास, पास, पास, अक्षर तुमचं. खाली सही माझी, सकाळच्या ताज्या हाताची. मॅनेजर म्हणाला, "बाई, ही सही तुमची?" मी म्हटलं, "हो." तो तुमाला म्हणाला, "आठवी पास बाईला टेस्टिंगला बसवलं कुणी?" आणि तुमी, खिडकीतनं बाहेर बघत, "पॅकिंगमधनं घेतली होती साहेब. शिकवलं, पण शेवटी समज किती असणार."

एवढंच वाक्य. मी तुमच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता वळतील, म्हणतील की अक्षर माझं आहे. रजिस्टर तिथंच उघडं होतं. मी बोट ठेवून दाखवू शकले असते. नाही दाखवलं. माणूस स्वतः बोलेल म्हणून थांबले. मॅनेजरनं रजिस्टर मिटलं, उद्यापासून येऊ नका म्हणाला.

पॅकिंगची माझी मैत्रीण गेटपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "अगो, तुज्या सरनीच तुला नापास केला गो." मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, तुला काय माहीत, त्यांची काहीतरी अडचण असंल. नंतर लोक म्हणाले तुमच्यावर वरून प्रेशर होतं. असेल. प्रेशर कुकरवर पण असतं, तो निदान शिट्टी देतो.

तुमी गेल्याचं पण तिनंच सांगितलं, भाजी मार्केटमध्ये, वांगी निवडता निवडता. हार्टनं गेले म्हणे. मी म्हटलं, बरं. घरी येऊन भांडी अशी आपटली की सुनेनं विचारलं, काय झालं? काय सांगणार? शोक करायचा तर राग आड येतो, राग करायचा तर समोर माणूस नाही. कुठल्याच बाजूला नीट बसता येत नाही. तुमी चोर असता तर सोपं होतं. तुमी मला दारातनं आत घेतलेला माणूस.

हे कुठं टाकायचं नाही, पत्ता काय लिहिणार. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते. मला लगेच रबाळ्याच्या दुसऱ्या कंपनीत बोलवत होते, मी गेले नाही. घरी सांगितलं, कंबर धरलीय. कंबरेला काही नव्हतं. आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता, तुमच्याकडं नाक्यावरच्या वाण्याचा नंबर दिलेला होता. तीन महिने मी रोज दुपारी त्या दुकानात जायची. रिकामं उभं राहायला बरं दिसत नाही म्हणून एक काडेपेटी घ्यायची, विचारायची, माझ्यासाठी फोन आला होता का? त्या काडेपेट्या घरात दिवाळी उलटून गेली तरी संपल्या नव्हत्या.