हातावर हात

२ ऑगस्ट
आले एकदाची. विशेष मुलांची शिक्षिका व्हायचा अभ्यासक्रम, पदवी आणि पदव्युत्तर एकाच दमात. पाच वर्षांत एका दगडात दोन पक्षी. बाबा म्हणाले, एकदा शिरलीस की पाच वर्षं सुटका नाही. मी म्हटलं, सुटका हवीय कोणाला? खोली उजेडाची आहे आणि खिडकीतून आमची सरावाची शाळा दिसते. खोलीतली मैत्रीण घोरते, पण मनाने चांगली आहे.

९ ऑगस्ट
आज ‘हातावर हात’ शिकलो. मुलाच्या मागे बसून त्याचा हात आपल्या हातात धरायचा, काम करून घ्यायचं. मग आधार कमी करत जायचा: मनगट, कोपर, खांदा, शेवटी काहीच नाही. सरावाच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी दोनदा बजावलं की मूल हात ओढून घेतं तेव्हा ते बोलत असतं, लगेच सोडा.
माझ्या वाट्याला नऊ वर्षांची मुलगी आलीय. बोलत नाही, मनाविरुद्ध बोटही हलवत नाही, म्हणून सगळे तिला राणीसरकार म्हणतात. आमचं जमेल. दोघीही हट्टी.

२३ ऑगस्ट
राणीसरकारची आई आली होती. लेकीला घरी न्यायचं की इथल्या वसतिगृहात ठेवायचं, ते तिलाच विचारायचं ठरलं. मी समोर दोन चित्रं मांडली, घर आणि शाळा. तिचा हात घराकडे निघाला.
ती गेली असती तर तिच्यावरची माझी नोंदवही अर्धी राहिली असती, सत्र वाया. मी हातावर हात ठेवला. तिने ओढला. मी सोडला नाही. बोट शाळेवर टेकलं, तेव्हा तिच्या कानात शाब्बास म्हटलं. आई डोळे पुसत एकटीच परत गेली. नंतर बाईंनी विचारलं, बोट तिचंच ना? मी हो म्हटलं. खरं सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रमेल ती हळूहळू.

३० ऑगस्ट
वर्गात टिपणं काढताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिलं तर मागे भिंत. माझं बाक शेवटचं आहे. मैत्रीण म्हणते, जरा झोप काढ.

४ सप्टेंबर
आज कोपर. खालून टेकू दिल्यासारखा, अगदी मायेने. राणीसरकार तिच्या खुर्चीतून माझ्या कोपराकडेच बघत होती.

७ सप्टेंबर
मनगट. अंगठा खाली, तीन बोटं वर. पकड ओळखीची आहे, मीच अशी धरते. मला भीती वाटतेय.
बाईंकडे सगळं कबूल करायला गेले. त्या घाईत होत्या, म्हणाल्या काय ते कागदावर दे. लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि माझी पाठ थोपटली. कागदावर लिहिलं होतं, मुलगी इथे आनंदात आहे. अक्षर माझंच.

८ सप्टेंबर
तोंडाने सांगायला गेले. हनुवटीखाली दोन बोटं आली, उच्चार शिकवताना आम्ही ठेवतो तशी. जबडा उघडला, मिटला. मी म्हटलं, सगळं छान चाललंय. कानात कुणीतरी शाब्बास म्हणालं.

९ सप्टेंबर
राणीसरकार आज धावत आली. माझ्या हातावरून काहीतरी उचकटून काढत होती — दोन्ही हातांनी, रडत. तिला दिसतं. तिला ओढून नेलं. आता माझ्याकडे पाठवणार नाहीत.

१० सप्टेंबर
पूर्ण हात. दिवसभर. सकाळी जरा सैल पडतो, तेवढ्यात लिहितेय. उद्या बाबा येणार. ही वहीच त्यांना देईन —

११ सप्टेंबर
बाबा खाली आलेत. बाबा, मला घरी न्या. तिच्या आईला कळवा, ते बोट तिचं नव्हतं — मी ओढतेय — सोडत नाही — बाबा मला घ
मला शाळा आवडते. मला शाळा आवडते. बाबांनी काळजी करू नये. त्यांनी एकट्यानेच परत जावं. शाब्बास.