गिअरबॉक्सच्या बुचाबाबत मेश्रामसाहेबांना

धायरी, पुणे
मंगळवार

आदरणीय मेश्रामसाहेब,

सविनय जयभीम. आपला नवा गुडघा कसा आहे? तो आता जिना चढतो आणि मागून आपणही चढता, असं विहीणबाईंकडून कळलं. बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक. आमची सोनाली आणि आपला अभय खराडीहून रविवारी येऊन गेले. जेवताना दोघंही आपापल्या लॅपटॉपकडे बघत होते, म्हणजे त्यांचा संसार सुरळीत चालला आहे. आपली अॅम्बॅसॅडर बाहेरून उत्तम आहे. आतल्या भागाबद्दल हे पत्र आहे. (फोन केला असता, पण फोनवर आपण मध्येच प्रश्न विचारता.)

ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे जाताना आपण गाडी आमच्या पार्किंगमध्ये ठेवलीत आणि एवढंच सांगितलंत, की आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. सहा आठवडे मी हे तंतोतंत पाळलं. पण साहेब, पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं गळतीच्या फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला दहा मिनिटांचं काम आठवडाभर पुरत नाही. सातव्या आठवड्यात डॅशबोर्डच्या कप्प्यात आपली वही सापडली. त्यात सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'गिअरबॉक्स व डिफरन्शियल ऑइल, दर दोन वर्षांनी, स्वहस्ते.' शेवटच्या नोंदीला याच महिन्यात दोन वर्षं होत होती. आपण तिकडे पाय वर करून पडलेले (डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हे मी जाणतो), तेव्हा व्याही या नात्याने हे काम माझं, असं मी ठरवलं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला तो लोखंडी भोपळा, हे मला त्याच दिवशी कळलं. तोवर मी त्याला पेट्रोलची टाकी समजत होतो.

तयारी म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एका तरुणाने हेच काम शर्टाला डाग न पडता बारा मिनिटांत केलं होतं. सुरुवातीचा भाग मी सोडून दिला, कारण नोकरीत मी फाईलचं शेवटचं पानच वाचत असे आणि त्यावाचून कधी अडलं नाही. मग नाना पेठेत ऑइल आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "बदलणार कोण?" मी म्हटलं, "मीच." त्याने माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि मी न मागता डब्यांबरोबर दोन किलो चिंध्या बांधून दिल्या.

शनिवारी सकाळी जॅक लावून, खाली टेकू देऊन मी गाडीखाली शिरलो. (शिरलो म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत. पोटाला वेगळा प्रयत्न करावा लागला.) गिअरबॉक्सचं खालचं बूच अर्ध्या तासात सुटलं, आणि त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो बढतीच्या दिवशीही वाटला नव्हता. काळंकुट्ट ऑइल भळाभळा आलं. थोडं घमेल्यात पडलं, थोडं माझ्या चष्म्यावर, आणि उरलेलं उतारावरून सोसायटीच्या सचिव ऋचाताईंच्या पार्किंगकडे निघालं. मी खालचं बूच घट्ट बसवलं, नवं ऑइल हाताशी घेतलं आणि ते भरायचं बाजूचं बूच उघडायला गेलो. ते हलेना. मग तसाच पडल्या पडल्या व्हिडिओचा सुरुवातीचा भाग पाहिला. तो तरुण म्हणत होता, "सगळ्यात आधी भरायचं बूच सुटतं का बघा. ते सुटत नसेल तर बाकी कशाला हात लावू नका." आपणही हेच म्हणाला होतात, साहेब, फक्त थोडक्यात.

राधा तोवर खाली स्टूल टाकून मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, त्या सलिलला बोलवा." सलिलचं फाट्यावर गॅरेज आहे. मी म्हटलं, "एका बुचासाठी?" आणि पान्याला नळाचा पाइप जोडून जोर लावला. काहीतरी फिरलं. बूच जागच्या जागी होतं, त्याचे चारही कोपरे मात्र गेले होते. इतकं गोल बूच मी आजवर पाहिलं नव्हतं. मी तिथेच उताणा पडून राहिलो. हुंड्याबिंड्याशिवाय, दोन चहात आमच्या लेकीचं लग्न ठरवणारा माणूस आपण, आणि मी आपल्या गाडीचं हे केलं. राधाने मटार बाजूला ठेवले आणि स्वतःच सलिलला फोन लावला.

सलिल आला, खाली वाकला आणि बुचावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काका, हे कोणी केलं?"

"आधीच्या मेकॅनिकने," मी म्हटलं.

"कोण होता?"

"हेच," राधा म्हणाली.

त्याने छिन्नीचे चार ठोके मारून बूच काढलं, नवं आणून बसवलं, हातपंपाने ऑइल भरलं. जाता जाता डिफरन्शियलही करून टाकतो म्हणाला. त्यातून काकवीसारखं काहीतरी निघालं. बूच पुसून बघत तो म्हणाला, "काका, याच्यावर अजून कंपनीचा रंग आहे. हे कधीच उघडलेलं नाही. अजून एक लांबची ट्रिप झाली असती तर आतले दात गेले असते." मला आपली वही आठवली, तारखा आठवल्या, आणि 'स्वहस्ते' हा शब्दही आठवला. मी म्हटलं, "आमचे व्याही फार हलक्या हाताने उघडतात." त्याने ते बूच पुन्हा एकदा पुसलं. मी कुणाला काही बोललेलो नाही, बोलणार नाही. एका बुचापुढे मी हरलो तसे आपणही कधीतरी दुसऱ्यापुढे हरला असाल, या विचाराने मला आपल्याबद्दल पूर्वीपेक्षा जास्त जवळीक वाटू लागली आहे.

सलिलने गाडी नऱ्ह्यापर्यंत फिरवून आणली. मी शेजारी बसलो होतो. गिअर लोण्यासारखे पडतात. ऋचाताईंनी फलकावर लिहिलं आहे, 'बी विंगमध्ये तेल सापडले आहे. मालकाने ते घरी न्यावे.' रविवारची सकाळ ते घासण्यात गेली.

विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्यावी.

आपला,
आनंद गजभिये

ता. क. आपण परतल्यावर मला गाडी चालवायला शिकवाल का? साखरपुड्याच्या पंगतीत मी खात्याची जीप घाटातून हाकल्याचे किस्से सांगितले होते. जीप खरी, घाटही खरा. चालवत होते ते श्यामसुंदर नावाचे ड्रायव्हर. राधाला मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की डोळ्यांमुळे सोडलं. तिला एकदा पुढच्या सीटवर बसून पानशेतला जायचं आहे.

दुसरा ता. क. पत्र पोस्टात टाकायला राधाकडे दिलं होतं, तिने ते वाचलं. म्हणाली, "श्यामसुंदरभाऊंच्या बायकोने मला अठ्ठ्याण्णव सालीच सांगितलंय." शिवाय, ती रोज सकाळी योगाला जाते असं मी समजत होतो, ती ड्रायव्हिंग क्लासला जाते. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि गाडी तेवढी आणखी महिनाभर इथेच राहू द्यावी. पुढची सीट ती मला देणार आहे.