एका घरात एकच पास

नशिराबाद,
मंगळवार, ४ डिसेंबर १९९०

तीर्थस्वरूप अभिमनभाऊ यांना धाकट्या आतेभावाचा, कौतिकचा, वाकून नमस्कार. (वाकून लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात आठ दिवसांपासून मला कमरेत वाकता येत नाही. कारण पुढे येईल.) मामींचे गुडघे थंडीत जास्त धरतात का? मामांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, बिडी एकदम सुटत नसेल तर निदान दुसऱ्याच्या पैशाची ओढा. तुमची स्कूटर चालू आहे की देवपूरच्या अंगणात पुसून ठेवून तुम्ही वीज मंडळात सायकलवर जाता, तेही लिहा. इकडे ज्यांच्या घरी स्कूटर आहे ते लोक तिला हल्ली सासुरवाशिणीसारखे वागवतात. घरात ठेवायची, कामाला लावायची आणि खायला मागितलं की ओरडायचं.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मी फिरवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. आमच्या गावच्या झुलालकाकांची मुलगी कुंदा. तिची जळगावच्या सिव्हिलमध्ये नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी मुलाखत होती. ती वेळेवर पोचली नाही, आणि तिला पोचू न देणारा माणूस मी आहे. आता हे कसं झालं ते सांगायला चार पानं लागतील. ऑफिसात निवांत बसून वाचा.

मी एस.वाय. बी.कॉम. अर्ध्यावर सोडलं हे तुम्हाला माहीत आहे. (नाना सगळ्यांना सांगतात की परीक्षेच्या फॉर्मवरून क्लार्कशी भांडलो आणि त्याच्या टेबलावरची दौत उलटी केली. ते खरं आहे. फक्त दौत रिकामी होती, हे नाना सांगत नाहीत.) तरी दोन वर्षं मी सकाळची पावणेआठची जळगाव गाडी चुकवली नाही. घरी सांगायचो, नोकरी शोधायला जातो. भाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या गाडीने कुंदा कॉलेजला जायची. मी फाट्यावर सर्वांत आधी उभा राहायचो, गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून तिसऱ्या बाकावरची जागा तिच्यासाठी धरायचो आणि स्वतः मागे दांडीला लटकायचो. दोन वर्षांत त्या रुमालावर कुंदा एकदाही बसली नाही. दरवेळी भाजीच्या दोन पाट्या घेऊन मंदाबाई बसायची आणि उतरताना रुमालाला हात पुसून तो मला परत द्यायची. मेथीचा वास आला की अजून माझ्या छातीत धडधडतं. प्रेम असं कुठेही जाऊन चिकटतं.

एवढ्यात तिकडे आखातात एका देशाने दुसऱ्या देशाच्या तेलविहिरी बळकावल्या. आपल्याकडे भावकीत विहिरीवरून डोकी फुटतात, पण त्याचा भुर्दंड धुळ्याच्या माणसाला बसत नाही. इथे मात्र त्यांची विहीर आणि आमचं दिवाळं. पेट्रोल वाढलं, डिझेल वाढलं, मागोमाग तिकीट वाढलं. मास्तर मंडळी चार-चार जण एका गाडीवर जाऊ लागली. सर्वांत शेवटी बसणाऱ्या मास्तरांचं धोतर एकदा चाकात गेलं, तेव्हापासून ते शिल्लक आयुष्य पायजम्यात काढतायत. उतार आला की प्रत्येकजण इंजिन बंद करतो. महामार्गावरून माणसं भुतासारखी आवाज न करता खाली येतात, आणि परवा एक म्हातारा त्यातल्याच एका गाडीखाली येता येता राहिला. पेट्रोलमध्ये रॉकेल तर सगळेच मिसळतात. रस्त्याला स्टोव्हचा वास येतो आणि घरातल्या स्टोव्हला रॉकेल नसतं. रेशनवर रांगेत उभ्या बाया म्हणतात, आमची चूल रस्त्यावर पळायला गेली.

झुलालकाका जळगावला डाळ मिलमध्ये हमाली करतात. त्यांचा एक पास आणि कुंदाचा कॉलेजचा एक पास, असे त्या घरात दोन पास होते. तिकीट वाढल्यावर काकांनी ओट्यावर बसून सांगितलं की एका घरात आता एकच पास निघेल. मिलमध्ये पोती उचलायला कुंदा जाऊ शकत नव्हती, म्हणून कॉलेज तिचं सुटलं. त्या दिवशी ती रडली नाही म्हणतात. संध्याकाळी पुना कंपाउंडरकडून नर्सिंगचा फॉर्म मागवून भरला. तिथे होस्टेल मिळतं, महिन्याला विद्यावेतन मिळतं, म्हणजे रोजचं जाणं-येणंच नको. आमच्या गावात तेलाच्या भावाला एवढ्या शांतपणे उत्तर देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

फॉर्म भरल्याचं मला ठाऊक होतं. मुलाखतीची तारीख ठाऊक नव्हती. विचारणार कुणाला? तिच्याशी मी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. मला फक्त दिसत होतं की पावणेआठच्या गाडीत कुंदा नाही. मंदाबाई आहे, मेथी आहे, रुमाल आहे आणि कुंदा नाही. माझं डोकं तापलं. भाडेवाढ मागे घेतली की काका दुसरा पास काढतील आणि कुंदा परत गाडीत येईल, असा सरळ हिशोब मी मांडला आणि पारावर उभा राहून रास्ता रोको जाहीर केला. गोरगरीब, कामगार, विद्यार्थी, सगळ्यांची नावं घेतली. नाव जनतेचं होतं आणि काम माझं होतं, हे तुम्हाला म्हणून लिहितो.

सव्वीस नोव्हेंबर, सोमवार. येतो म्हणाले होते दीडशे, आले अकरा. त्यातले दोघे भादली स्टेशनवर जाऊन पॅसेंजर धरणार होते, ती चुकली म्हणून आमच्यात बसले. आम्ही केळीचे कापलेले खांब रस्त्यावर आडवे टाकले, एक बिनबैलाची गाडी मधोमध उभी केली आणि घोषणा सुरू केल्या. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना ट्रकांची अशी रांग लागली की मला वाटलं, आता दिल्लीला कळलंच. एका ड्रायव्हरने तर खाली उतरून आमच्यासाठी चहा सांगितला. (तो म्हणाला, गाडी उभी राहिली की डिझेल वाचतं.)

साडेनऊच्या सुमाराला बाजूच्या कच्च्या वाटेवरून पुना कंपाउंडरची स्कूटर आली, आणि मागे कुंदा बसलेली. नवीन साडी, केसांत फूल. पुन्याला तुम्ही पाहिलंय, इंजेक्शनपेक्षा त्याच्या भांगाकडे त्याचं जास्त लक्ष असतं. भाऊ, पुढची गोष्ट डोक्याने झालीच नाही. मी धावत जाऊन स्कूटर धरली. आंदोलन म्हणजे आंदोलन, एकालाही सोडणार नाही, असं ओरडलो. पुना म्हणाला, अरे महत्त्वाचं काम आहे. त्या भांगाकडे बघून मला वाटलं, मला माहीत आहे तुझं महत्त्वाचं काम. मी चावी काढली आणि शेजारच्या केळीच्या बागेत भिरकावली. माझ्या अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुंदा खाली उतरली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण घोषणा चालू होत्या, आणि घोषणा मीच देत होतो. तेव्हा जवळून दिसलं की तिच्या कपाळावर देवाचा अंगारा होता आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले होते.

तिने पिशवी छातीशी धरली आणि चालू लागली. ट्रकांच्या रांगेच्या कडेकडेने, जळगावच्या दिशेने. रांग संपल्यावर काहीतरी वाहन मिळेल असं तिला वाटलं असणार. पण तिकडून येणारी वाहनं रांगेत अडकली होती आणि तिकडे जाणारी माझ्या केळीच्या खांबांमागे. ती सगळी वाट चालली. अजिंठा चौफुलीवरून रिक्षा केली आणि पाऊण वाजता सिव्हिलला पोचली. नाव अकरा वाजता पुकारलं होतं. नावापुढे गैरहजर लिहून झालं होतं, आणि नियम म्हणजे नियम. तिथे तिने कुणाशी वाद घातला नाही. (मी असतो तर दौत शोधली असती.)

आमचं पुढे काय झालं? बाराला पोलीस आले. निवेदन घेतलं, खांब उचलायला लावले, आणि वळून पळताना मला कमरेत दोन बसल्या. संध्याकाळी नानांनी जामीन दिला. भाडं एक पैशानेही उतरलं नाही. उलट माझ्यावर केस झाली, आणि आता दर महिन्याला कोर्टाच्या तारखेला जळगावला जायला मला तिकीट काढावं लागणार, वाढलेल्या भावाने. झुलालकाका तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. आता ते स्वतःचाही पास काढत नाहीत, सायकल काढलीय. दिवसभर पोती उचलून झाल्यावर जळगाव ते नशिराबाद सायकल मारणाऱ्या त्या माणसाची पाठ मी रोज लांबून पाहतो. ओट्यावर त्यांनी दुसरा निर्णय सांगितलाय, की शिक्षणही नको आणि नोकरीही नको, माघात पोरीचं लग्न उरकायचं.

परवा दुपारी पिठाच्या गिरणीवर कुंदा भेटली. (गिरणी डिझेलवर, म्हणून दळणाचेही वाढले.) गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी धीर केला. म्हटलं, मला माफ कर, वाटलं तर मार, पण रागावून गप्प बसू नको. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मले तुझा राग नाही येत, कौतिक. रागवाले बी माणूस आपलं लागते."

दोन वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी ते पाठ केलंय. पाठ करण्यासारखं दुसरं काही माझ्याजवळ नाही.

असो. इकडचं हे असं आहे. माझं काही मागणं नाही, सहज मन मोकळं केलं. मामा-मामींना साष्टांग (तोही सध्या मनातल्या मनात) सांगा.

तुमचा,
कौतिक

ता. क. : मागणं नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. येत्या रविवारी तुम्ही मामांबरोबर आमच्या गावी मुलगी पाहायला येताय. मुलीचं नाव तुम्हाला सांगितलंच असेल. तीच कुंदा. स्थळ आमच्या नानांनीच सुचवलंय. पोराने जे मोडलं ते आपण भरून देतो, अशी त्यांची समजूत आहे. मला हे गिरणीवर कुंदानेच सांगितलं. ती पुढे म्हणाली, "पुढच्या ऑगस्टात परत मुलाखती हायेत. गाड्या थांबवता येता ना तुले? मंग माह्या लग्नाले थांबव. तेवढे आठ महिने."

म्हणून भाऊ, रविवारी पोहे खा, चहा घ्या, मुलीला दोन प्रश्न विचारा आणि उठताना फक्त म्हणा, कळवतो. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हटलंत तर काका पुढच्या रविवारी दुसऱ्याला बोलावतील, आणि तो हो म्हणेल. हो तर म्हणूच नका. पाव्हणे कळवतो म्हणून गेले की आपल्याकडे मुलीचा बाप दुसरीकडे बोलत नाही, बोलला तर दोन्हीकडून नाव जातं. हा दरवाजा ना उघडा ना बंद असा तुम्हाला आठ महिने धरून ठेवायचा आहे.

ता. क. २ : मी पंचांग पाहून ठेवलंय. दोन आठवड्यांनी पौष लागतो, त्यात लग्नाचं कुणी बोलत नाही. माघात मामांना खोकल्यासाठी दवाखान्यात दाखवा. फाल्गुनात तुमच्या ऑफिसात मार्चएंड असतोच. चैत्रात पत्रिका धुळ्याच्या गुरुजींकडे द्या, ते स्वतःच दोन महिने घेतात. एप्रिलच्या मध्यावर धोंड्याचा महिना येतोय, तो देवानेच दिलाय. मग निज वैशाख आणि जेठ तेवढे अवघड आहेत, तिथे मामींचे गुडघे वापरा. आषाढीनंतर देव झोपले की कार्तिकापर्यंत कुणी मांडव घालत नाही, आणि तोवर मुलाखत होऊन जाईल. यात तुमचं नाव खराब होईल. आठ महिने लटकवणारा मुलगा म्हणून दुसरी स्थळं मागे हटतील. हे मला कळतं, तरी मागतोय. आणि रविवारी तिला पाहून तुम्हाला ती आवडली, (आवडेलच,) तर ऑगस्टनंतर तिलाच विचारा. मला विचारू नका.

ता. क. ३ : हे पत्र टाकण्याआधी मी आज गिरणीवर कुंदाच्या पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं. तिने गिरणीच्या भिंतीला टेकून सगळं वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, ता. क. तेवढे पाठव, आधीची चार पानं काढून टाक, पाव्हण्यांना त्याचं काय काम. तिचं बरोबर आहे. तरी मी पानं काढलेली नाहीत. तिने ती एकदा वाचली, आता तुम्ही एकदा वाचा, मग चुलीत घाला.